भट्टी आपली, अणुभट्टी कुणाची?

कोल्हापुरातल्या कारखानदाराला बोलतं करायचं असेल तर वीजबिलाचा विषय काढावा. शिरोली नाक्यावर चहा घेताना सहज युनिटचा दर विचारा, पुढची वीस मिनिटं तुम्हाला बोलायला मिळणार नाही. दर वाढला की कर्नाटकात जायची भाषा निघते, निपाणीपलीकडचा दर तोंडपाठ म्हणून दाखवला जातो, एखादा मोर्चा निघतो आणि मग पुढचं बिल येतं. यंदा या गप्पांत एक नवा विषय शिरलाय. "आपण सगळ्यांनी मिळून एक छोटी अणुभट्टीच टाकूया की ओ. सरकारनं परवानगी दिलीया आता."

परवानगीची बातमी खरी आहे. २०२४ संपता संपता सरकारी न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने उद्योगांच्या स्वतःच्या वापरासाठी २२० मेगावॉटच्या 'भारत स्मॉल रिअ‍ॅक्टर'चे प्रस्ताव मागवले. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांसाठी २०,००० कोटी रुपये आणि २०३३ पर्यंत देशी बनावटीच्या किमान ५ भट्ट्या असा संकल्प आला. एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मितीने रशियाच्या सरकारी अणुकंपनीबरोबर, रोसाटॉमबरोबर, थोरियमवरच्या छोट्या भट्टीसाठी सामंजस्य करार केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ चा अणुऊर्जा कायदा बाजूला सारून 'शांती' कायदा केला आणि खासगी कंपन्यांना या क्षेत्राचं दार उघडलं. उद्योजकांच्या एका बैठकीत यावर झालेला वाद मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकला. एका बाजूला 'छोटी म्हणजे स्वस्त, छोटी म्हणजे सुरक्षित' असा जप चालला होता. दुसऱ्या बाजूला चेर्नोबिल, हिरोशिमा आणि 'आमच्या पोराबाळांचं काय?'. दीड तासात अणूवर भरपूर बोलणं झालं. आपल्या भट्टीला नेमकं काय लागतं, यावर कुणी एक वाक्य बोललं नाही.

मी फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड वितळवून ओतणाऱ्या कारखान्याच्या, मेंटेनन्समध्ये तीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे माझं डोकं भट्टीपासून सुरू होतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. कोल्हापूरच्या उद्योगाला अणुवीज लागणार आहे आणि ती आपण पैसे मोजून, हक्काने मागायला हवी. पण एमआयडीसीच्या कुंपणाला लागून आपल्या मालकीची अणुभट्टी ही कल्पना इंजिनिअरिंगच्या कसोटीवर टिकत नाही. मला तिची भीती वाटते म्हणून मी हे म्हणत नाही. तिची मापं आपल्याला बसत नाहीत. उष्णतेचं माप बसत नाही, आकाराचं बसत नाही आणि वेळेचं तर मुळीच बसत नाही.

आधी अणुभट्टी हवी म्हणणाऱ्यांच्या पदरात जे घालायला हवं ते घालतो. फौंड्रीचा मोठा भार रात्रीचा. वर्षानुवर्षं रात्रीच्या युनिटला सवलत होती म्हणून आपण रात्री लोखंड वितळवत आलो. आता सौरवीज वाढली तसं सवलतीचं घड्याळ दिवसाकडे सरकलंय. शेडवर सोलर टाकलेल्या मित्रांना विचारा, रात्री दोनच्या हीटला, म्हणजे लोखंड वितळवायच्या खेपेला, त्या पॅनेलचा काय उपयोग? साठवणूक करायची तर घाटघरसारखी वर-खाली दोन तलावांची योजना लागते, तीही २५० मेगावॉटची, आणि सह्याद्रीत अशा नव्या योजनांना गावोगाव विरोध आहे. रात्रंदिवस सारखी वाहणारी आणि कार्बन नसलेली वीज मोठ्या प्रमाणात देणारे पर्याय थोडे आहेत. अणुऊर्जा त्यांत अगदी वरच्या क्रमांकावर येते. युरोपने १ जानेवारी २०२६ पासून लोखंड-पोलादासह काही आयात मालांवर कार्बनचा हिशेब लावलाय. आपला माल आज त्या यादीत असो वा नसो, तिकडचे ग्राहक कास्टिंगमागचा कार्बन विचारू लागलेत. कोळशाच्या विजेत युनिटमागे साधारण ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरतात, अणुविजेत १२ ग्रॅमच्या आसपास. हा फरक किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

आणि भरवशाचं म्हणाल तर शेजारचंच उदाहरण आहे. कारवारजवळच्या कैगा केंद्रातलं पहिलं युनिट २०१६ च्या मे महिन्यात सुरू झालं ते २०१८ च्या ३१ डिसेंबरपर्यंत थांबलंच नाही. सलग ९६२ दिवस, त्या वेळचा जागतिक विक्रम. ही भट्टी २२० मेगावॉटचीच, देशी बनावटीची, साध्या म्हणजे समृद्ध न केलेल्या युरेनियमवर चालणारी, म्हणजे आज उद्योगांना देऊ केलेल्या भट्टीची थोरली बहीण. आपल्याकडे कुठली मशीन ९६२ दिवस न थांबता चालली आहे? माझ्या आठवणीत कॅन्टीनचा फ्रीजसुद्धा नाही.

'अणू म्हणजे बॉम्ब' हा मुद्दा मी बाजूला ठेवतो. साध्या युरेनियमच्या भट्टीचा अणुबॉम्बसारखा स्फोट होत नाही, हे भौतिकशास्त्र सांगतं, त्यासाठी सरकारवर विश्वास ठेवावा लागत नाही. भूकंपाचा मुद्दा मात्र आपल्या भागात टाळता येत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. माझ्या आईच्या पिढीला ती रात्र शेवटपर्यंत आठवत होती. जवळपास १८० माणसं गेली, धरणाच्या भिंतीला तडे गेले. पण भिंत उभी राहिली, नंतर ती मजबूत केली गेली आणि आज कोयना १,९६० मेगावॉटचा प्रकल्प आहे. धोका मोजून त्याला पुरेल एवढं बांधकाम करता येतं, हे कोयनेने दाखवलं. मोजमाप आधी कमी पडलं होतं, हेही तिनेच दाखवलं. दोन्ही बाजूंनी ही अख्खी गोष्ट सांगावी, अर्धी नको.

आता उष्णतेकडे येऊ. 'अणुऊर्जेवर उद्योग' म्हणताना लोक वीज आणि उष्णता यांची मिसळ करतात. या देशी, जड पाणी (जड हायड्रोजनचं पाणी) वापरणाऱ्या २२० मेगावॉटच्या भट्टीत वाफ तयार होते ती सुमारे २५० अंश सेल्सिअसची, ४० किलो दाबाची. आपण लोखंड ओततो साधारण १,३५० ते १,४०० अंशांना. म्हणजे या भट्टीची उष्णता थेट वापरून आपलं एक किलो स्क्रॅपही वितळणार नाही. फौंड्रीला अणूचा उपयोग विजेच्या रूपातच. ७५० मेगावॉटच्या आसपास उष्णता निर्माण करायची, त्यातून २२० मेगावॉट वीज काढायची, उरलेली ५३० मेगावॉट पाण्यात आणि हवेत सोडायची, आणि त्या विजेतून इंडक्शन कॉइलमध्ये पुन्हा उष्णता करायची. यात गैर काही नाही, कोळशाचंही असंच चालतं. पण मग 'भट्टी कारखान्याजवळ हवी' या म्हणण्यातला जीवच जातो. जवळ असावी लागते ती वाफ. वीज तारेने येते.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाली आहे. मुंबईच्या गिरण्यांत प्रत्येकीचं स्वतःचं वाफेचं इंजिन आणि स्वतःचं धुराडं होतं. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि घाटातल्या पाण्याची शक्ती तारेवरून परळ-लालबागला पोचली. कुणी गिरणी उचलून खोपोलीला नेली नाही, की लोणावळ्याचं धरण परळला बांधलं नाही. दूर निर्माण करता येणं हाच तर विजेचा सगळा फायदा आहे.

हो, वाफ लागणारे उद्योग आपल्याकडेही आहेत. इचलकरंजीचे प्रोसेस हाऊस आहेत, दूधसंघ आहेत, साखर कारखाने आहेत. त्यांना २५० अंशांची वाफ चालून जाईल, आणि जगात असे प्रयोग झालेही आहेत. स्वित्झर्लंडमधल्या गोस्गेन अणुकेंद्राची वाफ १९७९ पासून शेजारच्या पुठ्ठ्याच्या कारखान्याला जाते. चीनमधल्या तियानवान केंद्रातून २०२४ पासून २३ किलोमीटरच्या पाईपलाईनने पेट्रोकेमिकल कारखान्यांना वाफ दिली जाते. आपल्याकडे रावतभाट्यात अणुकेंद्राच्या वाफेवर शेजारचा जड पाण्याचा कारखाना चालवला गेला. तेव्हा 'अशक्य' म्हणणारा खोटं बोलतो. पण या तिन्ही ठिकाणी काय सारखं आहे? घेणारा एकगठ्ठा, मोठा, आणि बारा महिने तीच मागणी असणारा. आपला साखर कारखाना वर्षातले चार-पाच महिने चालतो आणि त्या काळात त्याच्याकडे स्वतःचाच फुकटचा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळायला असतो, उलट तोच वीज विकतो. इचलकरंजीचे प्रोसेसवाले विखुरलेले आहेत आणि सूत महागलं की आठवडा आठवडा बंद असतात. त्यांच्यासाठी वाफेची पाईपलाईन टाकणं म्हणजे रोज पाव लिटर दूध घेणाऱ्याच्या दारात टँकर उभा करण्यासारखं आहे.

चीनमध्ये शिदाओवानला हेलियम वायूवर चालणारी वेगळ्या जातीची भट्टी २०२३ अखेर व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. तिच्यातून ५६० अंशांच्या पुढची वाफ मिळते. बैठकीतल्या सादरीकरणात तिचाच फोटो होता. पण तीही ओतकामाच्या तापमानाच्या अर्ध्यावर पोचत नाही. याच घराण्यातली अमेरिकेतली फोर्ट सेंट व्रेन भट्टी १९७९ ते १९८९ अशी दहा वर्षं रडतखडत चालली. कारण काय, तर हेलियम फिरवणाऱ्या यंत्राच्या बेअरिंगचं पाणी आत गळायचं. भौतिकशास्त्र अव्वल होतं, घोटाळा बेअरिंगने केला. उद्यमनगरातल्या कुठल्याही मिस्त्रीला यात नवल वाटणार नाही.

आता 'छोटी' या शब्दाचं बघू. २२० मेगावॉट म्हणजे किती? इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला अंदाजे ६०० युनिट लागतात. केंद्राचा स्वतःचा वापर वजा केला तरी ही 'छोटी' भट्टी दर तासाला सव्वातीनशे टन लोखंड वितळवेल एवढी वीज देईल. माझ्या शेजारच्या शेडमध्ये ५०० किलोची भट्टी आहे, ३५० किलोवॉटचं पॅनेल. तिच्या मालकाच्या दृष्टीने ही अणुभट्टी छोटी कुठून? बरं, अणुविजेच्या जगात तरी ती छोटी म्हणून स्वस्त आहे का? आपल्याच देशाचा इतिहास बघा. आपण २२० वरून तारापूरला ५४० वर गेलो, तिथून काकरापारला ७०० वर गेलो. हौस म्हणून गेलो का? भट्टी दुप्पट मोठी केली की कुंपण, कंट्रोल रूम, पहारा, परवाने, तज्ज्ञ माणसं यांचा खर्च दुप्पट होत नाही, म्हणून गेलो. ज्या कारणाने पाच क्युपोलांपेक्षा (कोकवरच्या जुन्या भट्ट्यांपेक्षा) एक मोठी भट्टी परवडते, त्याच कारणाने. यावर उत्तर असं दिलं जातं की छोट्या भट्ट्या कारखान्यात एकासारख्या एक शेकड्याने बनवल्या की स्वस्त होतील. तर्क बरोबर आहे, मोटारींच्या बाबतीत तो खरा ठरला. पण शंभरावी भट्टी स्वस्त पडावी म्हणून पहिली महाग भट्टी कुणी घ्यायची? अमेरिकेत नुस्केलच्या छोट्या भट्ट्यांसाठी काही शहरांच्या वीजमंडळांनी एकत्र येऊन करार केला होता. अपेक्षित दर मेगावॉट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ डॉलरवर गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्प गुंडाळला. ते पहिले ग्राहक व्हायला निघाले होते. त्यांच्या जागी शिरोलीच्या फौंड्रीवाल्याने उभं राहावं, असा कुणाचा आग्रह असेल तर त्याने आपली बॅलन्सशीट आधी दाखवावी.

मला सगळ्यात जास्त ज्यावर बोलायचंय तो मुद्दा बैठकीत निघालाच नाही. वीज गेली तर काय?

फौंड्रीत नवीन पोरगा आला की त्याला मी पहिल्या दिवशी छतावरची पाण्याची टाकी दाखवायचो. भट्टीच्या भोवती तांब्याची पोकळ कॉइल असते, तिच्यातून सतत पाणी फिरतं. लाईट गेली की पंप थांबतो. पोराला वाटतं, करंट गेला म्हणजे भट्टी बंद, आता कसला धोका? पण आत अर्धा टन लोखंड चौदाशे अंशांवर रसरसत असतं. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की बिल भरायचं राहिलंय. ती धग लायनिंगमधून, म्हणजे भट्टीच्या आतल्या अस्तरातून, कॉइलला भिडते, कॉइलमधलं थांबलेलं पाणी वाफ होतं, आणि लायनिंगला चीर असली तर वितळलेलं लोखंड आणि पाणी एकत्र येतात. मग जे होतं ते ज्याने पाहिलंय तो पुन्हा तसली टाकी रिकामी ठेवत नाही. म्हणून ती टाकी उंचावर असते. पंप नको, करंट नको, व्हॉल्व्ह उघडला की पाणी आपल्या वजनाने खाली येतं.

अणुभट्टीची सगळी डोकेदुखी हीच आहे, फक्त हजारपट. अणू फुटण्याची साखळी थांबवली तरी आतल्या किरणोत्सारी द्रव्यांची उष्णता चालूच राहते. बंद केल्या क्षणी ती पूर्ण उष्णतेच्या, म्हणजे मघाच्या ७५० मेगावॉटच्या, ६-७ टक्के असते. २२० मेगावॉटच्या केंद्रात ती होते जवळपास ५० मेगावॉट. तासाभराने दीड टक्का. पूर्ण एक दिवस गेल्यावरही अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे ४ मेगावॉट. माझ्या शेजाऱ्याच्या अकरा भट्ट्या फुल पॅनेलवर चालवाव्यात एवढी धग, बंद पडलेल्या यंत्रातून, दुसऱ्या दिवशी. फुकुशिमाला ११ मार्च २०११ रोजी भूकंपाने भट्ट्या नीट बंद झाल्या होत्या. घात केला तो पंपांना न मिळालेल्या विजेने.

आपल्याकडेही हे घडता घडता राहिलंय, आणि याची आठवण ठेवणारे फार कमी. ३१ मार्च १९९३, उत्तर प्रदेशातलं नरोरा. टर्बाइनची दोन पाती तुटली, हायड्रोजनला आग लागली, केबल जळत गेल्या आणि संपूर्ण युनिट १७ तास वीजेविना राहिलं. तिथल्या माणसांनी डिझेलवरचे आगीचे पंप लावून पाणी पोचवलं, अंधारात चढून, साखळी पुन्हा सुरू होऊ नये म्हणून हाताने बोरॉन सोडलं आणि वेळ निभावली. लक्षात घ्या, बिघाड अणूच्या बाजूला झालाच नव्हता. टर्बाइनची पाती, केबलची मांडणी, आग रोखणारी भिंत, ही सगळी तुमच्या-आमच्या ओळखीची कामं. अणुकेंद्र सांभाळणं म्हणजे निम्म्याहून जास्त ही असली कामं वर्षानुवर्षं न कंटाळता करत राहणं. नव्या रचनांत पाणी आपोआप उतरेल अशा टाक्या असतात हे मला माहीत आहे, आणि ही सुधारणा मोठी आहे. पण टाकी असणं आणि तिचा व्हॉल्व्ह गंजलेला नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठल्या आठवड्यात कुठल्या एमआयडीसीत व्हॉल्व्ह तपासायचे राहून गेले, हे मी इथे लिहीत नाही.

याला जोडूनच ग्रीडचा गोंधळ आहे. 'कॅप्टिव्ह', म्हणजे फक्त स्वतःच्या वापराची वीज, म्हटलं की लोकांना वाटतं, महावितरणची कटकट संपली. उलट आहे. अणुभट्टीला तिच्या सुरक्षेसाठी बाहेरून येणाऱ्या भरवशाच्या वीजवाहिन्या लागतात. ती काही कारणाने ट्रिप झाली आणि अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा उचलता आली नाही, तर भट्टीत झेनॉन नावाचा न्यूट्रॉन गिळणारा वायू साठतो आणि साध्या युरेनियमची भट्टी दीड दिवसाच्या आसपास सुरूच होत नाही. त्या दीड दिवसात आमच्या हीट कुणी ओतायच्या? म्हणजे तेवढ्याच क्षमतेची वीज ग्रीडवर राखून ठेवा आणि तिचे डिमांड चार्जेस भरा. दुसरीकडून, आमची मागणी तरी कशी? शिफ्टला वर, जेवणाच्या सुट्टीला खाली, साप्ताहिक सुट्टीला तळाला, दिवाळीत आठ दिवस शून्य, ट्रॅक्टरच्या कास्टिंगची मागणी पडली की दोन महिने अर्धी. अणुविजेत इंधनाचा खर्च थोडा, भांडवलाचा डोंगर. भट्टी अर्ध्या भारावर चालवली तर युनिट जवळजवळ दुप्पट महाग पडतं. उरलेली वीज घ्यायला शेवटी ग्रीडच लागतो. मग स्वतंत्र ते काय राहिलं?

पाणी आणि जागा यांचा हिशेब थोडक्यात उरकतो, कारण तो कोल्हापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. कूलिंग टॉवरवर युनिटमागे अडीच लिटर पाणी धरलं तरी २२० मेगावॉटला रोज सव्वा कोटी लिटरच्या वर पाणी उडून जाणार. काळम्मावाडीच्या थेट पाईपलाईनसाठी या शहराने किती वर्षं डोळे लावले होते? इचलकरंजीची पिण्याच्या पाण्याची योजना आधी वारणाकाठी अडली, मग सुळकुडला अडली. माणसाला प्यायला पाणी देताना ही तऱ्हा. जागेचं म्हणाल तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या जुन्या निकषांत १० किलोमीटरच्या आत दहा हजारांहून मोठी वस्ती आणि ३० किलोमीटरच्या आत लाखाहून मोठं शहर नसावं अशी अपेक्षा होती. शिरोलीला उभं राहून एक वर्तुळ काढून बघा. निकष सैल केले तरी पंचगंगेचा २०१९ चा आणि २०२१ चा पूर सैल होत नाही.

राहिला वेळ. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात मनावर घेतलं. १९१८ मध्ये पैशाअभावी काम थांबलं. १९२२ मध्ये महाराज गेले. धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर, पन्नाशीच्या दशकात. पण त्या अर्धवट भिंतीतही पाणी साठत होतं, शेताला मिळत होतं. अर्धवट अणुभट्टी एक युनिट देत नाही. फ्रान्समध्ये फ्लामनव्हिलची भट्टी २००७ मध्ये बांधायला घेतली, ग्रीडला जोडली डिसेंबर २०२४ मध्ये. आपलं काकरापारचं तिसरं युनिट २०१० च्या अखेरीस हाती घेतलं, व्यापारी तत्त्वावर आलं जून २०२३ मध्ये, आणि तेही हयात या कामात घालवलेल्या संस्थेच्या हातून.

कारखाना आणि अणुभट्टी यांचं लग्न लावायला गेलं की काय होतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या मिडलंडचं. तिथे डाऊ केमिकलला वाफ हवी होती आणि वीजकंपनीला वीज विकायची होती. १९६० च्या दशकाच्या शेवटी बेत ठरला. दोन भट्ट्या, शेजारी तयार ग्राहक, कागदावर यापेक्षा उत्तम जोडी नाही. पुढे भराव नीट न दाबल्यामुळे डिझेल जनरेटरची इमारतच खचायला लागली. तारखा पुढे गेल्या, खर्च अब्जांत गेला, डाऊने १९८३ मध्ये अंग काढून घेतलं आणि १९८४ मध्ये सुमारे ८५ टक्के पूर्ण झालेलं काम सोडून दिलं गेलं. शेवटी १९९० मध्ये ते केंद्र नैसर्गिक वायूवर चालू झालं. डाऊसारख्या कंपनीला जो धीर धरता आला नाही तो कागल-हातकणंगले पंचतारांकितमधल्या कुठल्या मालकाला धरता येणार?

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला टोचतो. जैतापूरचा माणूस विचारेल, "म्हणजे वीज तुम्हाला, भट्टी आमच्या दारात?" बरोबर आहे त्याचं. तिथे प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या ठरल्या, २०११ च्या एप्रिलमध्ये आंदोलनात गोळीबार होऊन एक माणूस गेला, आणि आजही तिथे भट्टी उभी नाही. कोयनेच्या धरणग्रस्तांचे प्रश्न साठ वर्षांनीही सुटलेले नाहीत, त्यांच्या पाण्यावरची वीज मात्र आम्ही वापरून संपवली. भट्टी कुठे असावी हे खडक, पाणी आणि वस्ती बघूनच ठरणार आणि ते माप शिरोलीच्या बाजूने कधीच पडणार नाही, एवढं इंजिनिअर म्हणून मी सांगू शकतो. ज्याच्या दारात ती जाईल त्याला आपल्या युनिटच्या दरातला किती हिस्सा कायमचा द्यायचा, हे मात्र बिलातच लिहिलेलं हवं. भूसंपादनाचा एकदाचा चेक देऊन हात झटकायचे दिवस गेले. असा हिस्सा धरल्यावरही ती वीज परवडते का, हा खरा हिशेब. तो मांडायला एकही वक्ता तयार नव्हता.

मग मागायचं काय? तारापूर आणि काकरापारमधून महाराष्ट्राला आजही वाटा मिळतो. कैग्यात ७०० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्यांचं काम हाती घेतलंय. नव्या मोठ्या केंद्रांतला ठरावीक मेगावॉट दीर्घ मुदतीच्या कराराने थेट उद्योगांच्या गटाला द्यावा, तारेचं भाडं उघड ठरवावं आणि त्या युनिटला कार्बनचा दाखला जोडावा, ही मागणी आपण करायला हवी. भट्टी त्यांनी चालवावी ज्यांनी ९६२ दिवस चालवून दाखवली. आणि आपल्याला भट्टीतून खरंच कमाई करायची असेल तर तिचे पंप, व्हॉल्व्ह, केसिंग ओतायची तयारी करावी. वालचंदनगरला अणुभट्टीच्या कॅलँड्रिया, म्हणजे भट्टीच्या गाभ्याच्या टाक्या, घडल्या, त्या काही परग्रहावर नाही. तिथे एका कास्टिंगमागे कागदांची फाईल कास्टिंगएवढी जड असते, प्रत्येक हीटचा नमुना जपावा लागतो, एक्स-रेमध्ये मोहरीएवढं छिद्र दिसलं तर माल परत. ही शिस्त अंगी लागली तर युरोपचा ग्राहकही आपोआप खूश होईल.

हे सगळं मी गेल्या आठवड्यात त्या शेजारच्या शेडवाल्याला सांगत होतो. तो लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड न्यायचं भांडं, गरम करत होता, त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "पंचवीस वर्षांचा करार कुठनं करू ओ? मला दिवाळीपर्यंतची ऑर्डर अजून पक्की नाही." मी म्हटलं, एकट्याने करायचाच नाही. दोन म्हशी असलेल्या माणसाला डेअरी काढता येत नाही, म्हणून त्याने दूधसंघ काढला. एक म्हैस आटली म्हणून संघ बंद पडत नाही. ऊसवाल्यांनी साखर कारखाने तसेच उभे केले. या जिल्ह्याला हे शिकवायची गरज आहे का? शंभर फौंड्र्यांनी मिळून विजेचा संघ काढावा आणि संघाने करार करावा. एखादा गाळात गेला तर त्याचे युनिट दुसरा उचलेल.

त्याने लॅडलमधली काजळी झटकली, पॅनेलच्या मीटरकडे बघितलं आणि म्हणाला, "कल्पना चांगली हाय. पण संघ म्हटला की पॅनेल पडणार आन् निवडणूक लागणार बघा."